त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि शल्लकी : एका प्रयोगाचा अर्थ

सात वर्षांपूर्वी एका औषध कंपनीचे प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात आले आणि एक गुळगुळीत रंगीत पत्रक टेबलावर ठेवून गेले. पत्रकावर त्वचेच्या छेदाचे चित्र होते. त्यात लाल-निळ्या रक्तवाहिन्यांचे जाळे होते आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर होता की, या कॅपसूलमधील शल्लकीचा अर्क त्वचेच्या रक्तवाहिन्यांतील शोथ मुळापासून थांबवितो. अमेरिकेत ११३ जनुकांवर सिद्ध. खरे सांगावयाचे तर आम्हांस आनंद झाला. आपल्या संहितांतील एका द्रव्याला परदेशी प्रयोगशाळेने मान दिला, ही भावना कोणत्या वैद्याला सुखावणार नाही? आम्ही त्याच दिवशी मागणी नोंदविली आणि पत्रकाची एक प्रत रुग्णांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावली.

ते पत्रक आता भिंतीवर नाही. खणात जपून ठेवले आहे. का, ते पुढे येईलच. ज्या प्रयोगाच्या आधारावर ते छापले होते तो प्रयोग खरा आहे, महत्त्वाचा आहे आणि वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी तो नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम रचनेविषयी. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानातील धमनीव्याकरण अध्यायात तिर्यग्गामी धमन्यांचे जे वर्णन केले आहे ते वैद्यबंधूंच्या स्मरणात असेलच. मूळच्या चार धमन्या शेकडो, सहस्रो शाखांनी विभागत जाऊन असंख्य होतात. शरीर त्यांनी गवाक्षासारखे जाळीदार विणले जाते. त्यांची मुखे रोमकूपांशी निगडित असतात. आणि अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांचे वीर्य त्वचेत पक्व होऊन याच मार्गाने आत पोहोचते. कुष्ठाच्या संप्राप्तीतही सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात की, प्रकुपित दोष तिर्यग्गामी सिरांचा आश्रय करून बाह्य मार्गाकडे येतात व त्वचा, लसीका, रक्त, मांस यांना दूषित करतात. कुष्ठ म्हणजे केवळ त्वचेच्या वरच्या थराचा विकार नव्हे. त्वचेत दोष वाहून आणणाऱ्या वाटा त्यात सहभागी असतात, ही दृष्टी येथे स्पष्ट आहे. या वर्णनाचा आणि आधुनिक रचनेचा शब्दाला शब्द जुळवावा असे आम्हांस वाटत नाही. सिरा म्हणजे व्हेन आणि धमनी म्हणजे आर्टरी अशी समीकरणे मांडून आपल्या क्षेत्रात आजवर पुष्कळ गोंधळ झाला आहे. परंतु पाहण्याची दिशा एकच आहे, एवढे म्हणता येते.

आधुनिक रचनाशास्त्रानुसार त्वचेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांची दोन आडवी जाळी असतात. एक खोल, त्वचा व त्वचेखालील मेद यांच्या सीमेवर. दुसरे वर, अंकुरांच्या तळाशी. वरच्या जाळ्यातून प्रत्येक अंकुरात केशवाहिनीचा एक फास वर जातो व परत खाली येतो. या वाहिन्यांना आतून एकेरी फरशीसारख्या पेशींचा थर असतो. त्यांना आपण अंतःस्तर पेशी म्हणू. पूर्वी या पेशींना निव्वळ अस्तर समजत असत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ही समजूत पार बदलली. रक्तातील कोणत्या पेशीला कोठे थांबवायचे, कोणाला बाहेर पडू द्यायचे आणि कोणाला पुढे जाऊ द्यायचे, हे बव्हंशी याच पेशी ठरवितात. त्वचेतील शोथाचे मुख्य नाट्य वरच्या जाळ्यातील, केशवाहिन्यांच्या लगत पुढे असलेल्या बारीक नीलिकांत घडते.

ते असे घडते. त्वचेत कोठे उपद्रव झाला की तेथील पेशी टी.एन.एफ.-अल्फा नावाचे प्रथिन सोडतात. ते अंतःस्तर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते. पेशीच्या आत एन.एफ.-कॅपा-बी नावाचा एक घटक एरवी बांधून ठेवलेला असतो. त्याचे बंधन तुटते, तो पेशीच्या केंद्रात शिरतो आणि शेकडो जनुके जागी करतो. परिणामी काही तासांतच अंतःस्तर पेशीचा पृष्ठभाग बदलतो. एरवी गुळगुळीत असणाऱ्या त्या फरशीवर जणू हुक उगवतात. पहिले हुक, म्हणजे सिलेक्टिन, धावत्या श्वेतपेशींना पकडून गडगडत चालायला लावतात. दुसरे हुक, म्हणजे आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१, त्यांना घट्ट थांबवितात. मग श्वेतपेशी दोन अंतःस्तर पेशींमधून पिळून बाहेर त्वचेत येते. तिच्यासोबत द्रवही झिरपतो. राग, शोफ, ऊष्मा, वेदना ही आपल्या नित्य परिचयाची लक्षणे यातूनच उभी राहतात. ज्या विकाराला आपण लक्षणांवरून एककुष्ठ वा किटिभ म्हणतो आणि आधुनिक वैद्यक सोरायसिस म्हणते, त्यात अंकुरांतील केशवाहिन्यांचे फास लांब व नागमोडी झालेले असतात. खपली काढताच टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू दिसतात, ते त्यामुळेच.

आता प्रयोगाकडे वळू. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह २००५ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. द्रव्य होते बॉस्वेलिया सेराटा, म्हणजे आपली शल्लकी, सालई. मात्र तिचा निर्यास जसाच्या तसा नव्हे, तर त्यातील अ‍ॅसिटाइल-कीटो-बॉस्वेलिक आम्लाचे प्रमाण वाढवून ते ३० टक्क्यांवर आणलेला अर्क. मानवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तर पेशी काचपात्रात वाढविल्या, त्यांना टी.एन.एफ.-अल्फा दिला आणि हजारो जनुके एकाच वेळी तपासण्याच्या तंत्राने कोणती जनुके जागी झाली ते पाहिले. ५२२ जनुके जागी झाली व १४१ मंदावली. जागी झालेल्या ५२२ पैकी ११३ जनुकांवर शल्लकीच्या अर्काचा स्पष्ट परिणाम दिसला. ही जनुके मुख्यत्वे शोथ, पेशींचे परस्परांना चिकटणे आणि प्रथिनांचे विघटन यांच्याशी संबंधित होती. व्हीकॅम-१ हा जो दुसऱ्या प्रकारचा हुक वर सांगितला, त्याचे जनुक टी.एन.एफ.-अल्फाने प्रबळपणे जागे केले होते. अर्काने ते पूर्णपणे रोखले. आयकॅम-१ वरही परिणाम आढळला. ऊतींचा आधार कुरतडणारी मेटॅलोप्रोटिनेज ही विकरेही रोखली गेली. याच निबंधात उंदराच्या पंजावर कॅराजिननने सूज आणून तेथेही अर्काचा शोथहर परिणाम नोंदविला आहे. २००६ साली त्याच गटाने यांपैकी एका मेटॅलोप्रोटिनेजवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

याआधीची परंपराही विसरता कामा नये. १९८६ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी सालई गुग्गुळाच्या अर्काचे शोथहर कार्य प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे अ‍ॅमन यांच्या गटाने, बॉस्वेलिक आम्ले पाच-लिपॉक्सिजनेज या विकराला अटकाव करतात, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. नागपूर येथे ३० जानुसंधिवाताच्या रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात वेदना व सूज कमी झाल्याचे आढळले. म्हणजे ओहायोचा प्रयोग हा अचानक उगवलेला चमत्कार नसून सुमारे वीस वर्षांच्या कामातील एक पायरी होती. आणि तिचा आरंभ आपल्याच देशात झाला होता.

'११३ जनुकांवर सिद्ध' हे पत्रकातील वाक्य आता पुन्हा वाचावे. आकडा खरा. परंतु वाक्य खोटे नसूनही वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ उमटतो तो खरा नाही.

पहिली गोष्ट पेशींची. अशा प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा त्वचेच्या अंतःस्तर पेशींचा एक वाण १९९२ साली अटलांटा येथे तयार झाला. शिश्नाग्राच्या त्वचेतून मिळविलेल्या पेशींत एका विषाणूचे जनुक घालून त्यांना दीर्घकाळ वाढत राहण्याची शक्ती दिलेली आहे. असा वाण संशोधकाला फार सोयीचा असतो, कारण आज केलेला प्रयोग दुसऱ्या देशातील प्रयोगशाळा उद्या पुन्हा करू शकते. पण त्या पेशींतून रक्त वाहत नाही. त्यांच्या बाजूला नाडी नाही, मेद नाही, वरती खपली नाही, अग्नी नाही, आहार नाही. काही शोधनिबंधांत तर पेशी त्वचेच्या नसतातच. नाळेतील नीलेच्या असतात, कारण त्या मिळविणे सोपे. हरिद्रेतील कर्क्युमिनविषयी १९९८ साली प्रसिद्ध झालेले, श्वेतपेशींचे चिकटणे रोखल्याचे काम नाळेच्या पेशींवरील आहे. नाळेची नीला आणि त्वचेची सूक्ष्म वाहिनी एकाच संदेशाला सारखी दाद देतात असे नाही. पत्रकांत मात्र दोन्ही 'रक्तवाहिन्यांच्या पेशी' म्हणून एकाच ओळीत बसतात.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. काचपात्रात औषध थेट पेशीवर ओतले जाते. रुग्णाच्या बाबतीत ते प्रथम जठर, ग्रहणी आणि यकृत यांतून जाते. बॉस्वेलिक आम्ले मेदात विरघळणारी, पाण्याशी फटकून वागणारी आहेत. ज्या आम्लाच्या टक्केवारीवर पत्रके भर देतात, ते अ‍ॅसिटाइल-कीटो-बॉस्वेलिक आम्ल तोंडावाटे घेतल्यावर रक्तात फारच अल्प प्रमाणात सापडते. बऱ्याच वेळा काचपात्रात परिणाम दाखविणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी खाली. २००४ साली जर्मन संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना शल्लकीच्या अर्काची ७८६ मिलिग्रॅम एवढी एकच मात्रा एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरपूर मेद असलेल्या जेवणासोबत दिली. मेदयुक्त जेवणासोबत बॉस्वेलिक आम्लांचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढले. अनुपानाचा विचार आपल्याला काही नवीन नाही. पण कॅपसूल 'उपाशीपोटी पाण्यासोबत' असे सहजपणे लिहून देणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच होतो. आता शल्लकीचा अर्क आम्ही जेवणासोबतच देतो, आणि जेथे अग्नी व कोष्ठ अनुकूल असेल तेथे तुपाच्या अनुपानाने.

तिसरी गोष्ट प्रश्नाची. शोधनिबंधाची भाषा 'रोखले' अशी आहे. अंतःस्तर पेशीवर हुक उगवू नयेत म्हणून काय करता येईल, हा प्रयोगाचा प्रश्न होता. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णात ते हुक दहा वर्षांपूर्वीच उगवलेले असतात, श्वेतपेशी त्वचेत ठाण मांडून बसलेल्या असतात आणि वाहिन्यांचा आकारही बदललेला असतो. नवीन आग लागू न देणे आणि लागलेली आग विझविणे यांत जेवढे अंतर, तेवढे येथेही आहे. प्राण्यांवरील काम थोडे अधिक जवळचे आहे. सोरायसिससारखा विकार होणाऱ्या विशिष्ट जातीच्या उंदरांत हेच आम्ल दिल्यावर त्वचेचा शोथ कमी झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मनुष्याच्या त्वचेवर बॉस्वेलिक आम्लांच्या मलमाचे काही छोटे अभ्यास झाले आहेत, ते प्रामुख्याने उन्हाने जीर्ण झालेली त्वचा आणि किरणोपचाराने येणारा राग यांसंबंधी. एककुष्ठाच्या रुग्णाला पोटातून शल्लकी देऊन तो बरा होतो असे ठामपणे म्हणण्याइतका आधार यांतून मिळत नाही.

हे सारे आम्हांस आधी ठाऊक असते तर बरे झाले असते.

पत्रक भिंतीवर लागल्यानंतर चार-पाच महिन्यांनी एक गृहस्थ आले. माध्यमिक शाळेत शिक्षक, वय पंचेचाळिसाच्या आसपास. कोपर, गुडघे, पाठ व डोक्यावर जाड चकंदळे. बारा वर्षांचा जुना विकार. त्यांनी भिंतीवरील पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचले आणि आत येऊन त्याविषयीच विचारले. आम्ही त्यांना पंचतिक्त घृत, पथ्य आणि त्या कॅपसूल दिल्या. 'इतर काही औषध चालू आहे का?' हा प्रश्न आम्ही विचारला होता. ते म्हणाले, "आधी होतं, आता विशेष काही नाही." आम्ही पुढे खोदून विचारले नाही. प्रत्यक्षात ते जवळपास वर्षभर दुसऱ्या एका डॉक्टरांकडून स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते. आमच्याकडून निघाल्यावर त्यांनी त्या एका दिवसात बंद केल्या. सतराव्या दिवशी त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. गृहस्थांना थंडी वाजत होती आणि डोक्यापासून पायापर्यंत त्वचा लाल होऊन तिचे पापुद्रे निघत होते. आम्ही घरी गेलो तेव्हा ते पलंगावर पांघरूण घेऊन बसले होते. "डॉक्टर, त्या गोळ्या मी सोडल्या. तुमचं औषध मुळापासून थांबवतं ना, मग त्या कशाला?" असे ते म्हणाले. त्यांना त्याच रात्री जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात दाखल करावे लागले. तीन आठवड्यांनी ते घरी आले. आज ते बरे आहेत, दोन्हीकडचे उपचार घेतात आणि आमच्याकडेही येतात, त्यांचा मोठेपणा. पोटातून दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबविल्यास सोरायसिस असा भडकू शकतो, हे आधुनिक वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आम्हीही ते वाचले होते.

दोष शल्लकीचा नव्हता. अर्क छापील पत्रकाप्रमाणे असेल वा नसेल, त्याने काही अपाय केला असे आम्हांस वाटत नाही. 'मुळापासून' हा शब्द आमच्या भिंतीवर होता, आणि तो एका सुशिक्षित माणसाने अक्षरशः खरा मानला. तो शब्द छापणाऱ्या कंपनीला नंतर आम्ही पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. असो.

येथे आणखी एका उदाहरणाची आठवण करून देणे अगत्याचे वाटते, कारण अशा पत्रकांत 'पूर्णपणे रोखते' हे शब्द मोठ्या अभिमानाने छापलेले असतात. आयकॅम-१ हा हुक श्वेतपेशीवरील ज्या कडीत अडकतो, तिला बांधून टाकणारे एफालिझुमॅब नावाचे इंजेक्शन २००३ साली अमेरिकेत सोरायसिससाठी मान्य झाले. तत्त्व सरळ होते : श्वेतपेशीला वाहिनीच्या भिंतीवर थांबूच द्यायचे नाही. अनेक रुग्णांची त्वचा सुधारली. परंतु काही रुग्णांत एका सुप्त विषाणूने मेंदूचा घातक विकार उत्पन्न केला आणि २००९ साली ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. श्वेतपेशींचा पहारा सगळीकडेच उठला की काय होते, ते त्यातून दिसले. शल्लकीने असे होते असा याचा अर्थ मुळीच नाही. तिची शक्ती एवढी नाही आणि ते एका परीने बरेच आहे. परंतु शोथाचे द्वार पूर्ण बंद करणारे औषध म्हणजे उत्तम औषध, ही कल्पनाच तपासून पाहावी लागेल. व्याधीची संप्राप्ती भेदताना बल राखणे हे आपल्या चिकित्सेचे सूत्र आहे, आणि ते येथे तंतोतंत लागू पडते.

मग संहितांत शल्लकीचे स्थान कोणते? चरकांनी शल्लकीची त्वचा पुरीषविरजनीय गणात घेतली आहे. सुश्रुतांनी शल्लकी रोध्रादि गणात घातली, तर कुन्दुरुक, म्हणजे तिचा निर्यास, एलादि गणात. एलादि गणाचे कार्य वात-कफ व विष यांचा नाश, वर्णप्रसादन आणि कण्डू, पिडका व कोठ यांचे शमन असे सांगितले आहे. त्वचेशी या निर्यासाचा संबंध जुळतो तो येथे. आणि तोही गणातील अनेक सुगंधी द्रव्यांच्या सोबतीने, बहुधा बाह्योपचारांच्या अंगाने. ३० टक्के एकाच आम्लाचा अर्क हे द्रव्य ग्रंथोक्त कुन्दुरु नव्हे. ते वाईट आहे असे नाही; पण ते वेगळे आहे, त्याची मात्रा, त्याचे अनुपान व त्याचे उपद्रव वेगळे अभ्यासावे लागतील. शिवाय एका कंपनीच्या अर्कावरील प्रयोग दुसऱ्या कंपनीच्या अर्काला लागू होत नाही. ओहायोच्या निबंधाच्या लेखकांत त्या अर्काच्या उत्पादकांचे संशोधकही होते. यात गैर काही नाही, तसे असतेच, पण वाचताना ध्यानात ठेवावे. आमच्या खणातील पत्रक मात्र निराळ्याच कंपनीचे होते, आणि त्यांच्या वेष्टनावर त्या आम्लाची टक्केवारी छापलेलीच नव्हती.

उपद्रवांविषयी थोडक्यात. शल्लकीच्या अर्काने काही रुग्णांत आम्लपित्त, हृल्लास व द्रवमलप्रवृत्ती होते. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांत आय.एन.आर. वाढल्याच्या नोंदी २०११ साली प्रसिद्ध झाल्या आहेत, तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी केल्याविना ती देऊ नये. निर्यासयुक्त लेपाने क्वचित स्पर्शज शोथ होतो; आधी प्रबाहूवर थोडासा लेप लावून पाहावा. कर्क्युमिनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. त्याचे शोषण वाढविण्यासाठी त्यात मिऱ्यातील पायपेरीन घालण्याची पद्धत बंगळूरच्या १९९८ सालच्या अभ्यासानंतर रूढ झाली, ज्यात २० मिलिग्रॅम पायपेरीनने मनुष्यातील उपलब्धता वीसपट वाढल्याचे आढळले होते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकृतीची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ साली हरिद्रेशी संबंधित दहा रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील एक दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिघांत पायपेरीन होते. स्वयंपाकातील हळद आणि ही उत्पादने एक नव्हेत. शोषण वाढविले की गुण वाढतो तसा दोषही वाढू शकतो, हे 'अधिक बायोअव्हेलेबल' अशी जाहिरात करणाऱ्या आपल्या औषधनिर्मात्या मित्रांनी विसरू नये.

त्यांच्यासाठीच आणखी दोन शब्द. सालईचा डिंक विकत घेताना राळ व इतर धूपद्रव्यांची भेसळ ही जुनी तक्रार आहे. वास व रंगावर विसंबू नये, प्रत्येक लॉटची एच.पी.टी.एल.सी. करून घ्यावी. नुसती एका आम्लाची टक्केवारीही पुरेशी नाही, कारण आफ्रिकेतील बॉस्वेलियाच्या दुसऱ्या जातींत ते आम्ल भरपूर असते व मिसळून टक्केवारी सहज गाठता येते. इतर बॉस्वेलिक आम्लांचे परस्परप्रमाणही पाहावे. अर्काचे द्रावक कोणते, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. २०१० साली औषध नियमावलीत आलेल्या १५८-ब या नियमात जलीय अर्क, जल-मद्यार्क अर्क आणि इतर द्रावकांतील अर्क यांना निरनिराळ्या अटी आहेत, आणि परवाना मागताना हा फरक आडवा येतो. आणि झाडाचा विचार. सातपुड्याच्या व विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवरील सालई खोल व वारंवार खाचा पाडल्याने खंगते. आफ्रिकेतील तिच्या भगिनी जातीबाबत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, नवीन झाडे उगवतच नसल्याने येत्या वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा इशारा दिलेला आहे. डिंक कोणत्या जंगलातून आला, हे विचारणारा खरेदीदार आज क्वचितच भेटतो.

आमच्या चिकित्सालयात आता त्वचारोगाच्या रुग्णपत्रिकेवर एक वेगळी चौकट आहे. 'सध्या व गेल्या वर्षभरात घेतलेली सर्व औषधे' असे तिचे शीर्षक असून, रुग्णाने वेष्टने वा चिठ्ठ्या आणून दाखविल्याखेरीज ती भरली जात नाही. जुने औषध ज्याने सुरू केले त्याच्याशी बोलल्याशिवाय ते थांबवू नये, ही सूचना तेथेच छापली आहे आणि तिच्याखाली रुग्णाची सही घेतो. शल्लकी आम्ही अजूनही वापरतो. जेथे सांध्यांचाही सहभाग आहे अशा एककुष्ठाच्या रुग्णांत विशेषतः, मुख्य चिकित्सेला जोड म्हणून, जेवणासोबत, आठ ते बारा आठवडे, दर पंधरा दिवसांनी चकंदळांचे मोजमाप नोंदवून. ज्या वैद्यबंधूंनी अशा नोंदी ठेवल्या असतील त्यांनी त्या या त्रैमासिकाच्या संपादकांकडे अवश्य पाठवाव्यात. गुण न आलेल्या रुग्णांच्याही.